हरवलेले तीन मीटर

१

आजोबा जागेवर नाहीत हे सिस्टरला काल सकाळी साडेसातला कळलं. त्यांची गादीही जागेवर नाही हे पडदेताईंच्या लक्षात आलं आज दुपारी बारा वाजता. मधले साडेअठ्ठावीस तास सगळे लोक ओढ्याकाठी, बसथांब्यावर, पुलाखाली आजोबांना हाका मारत फिरत होते.

पडदेताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. घरांची अंतर्सजावट करणारी बाई म्हणजे पडदे बदलणारी बाई, असा इथल्या सगळ्यांचा समज. सुरुवातीला त्या वाद घालायच्या, मग हात टेकले.

हा निवास होता विस्मरण झालेल्या म्हाताऱ्यांसाठी. वरच्या मजल्यावर एक लांब मार्गिका आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकोणीस खोल्या. त्यातली प्रत्येक खोली पडदेताईंनी निराळी सजवली होती. ज्याचं तरुणपण जिथे गेलं, तिथली. गालिच्यांच्या व्यापाऱ्याला तुर्की धाटणीची बैठक, भिंतीला लागून तीन बाजूंनी लोड, मधे पितळी तबक. एका निवृत्त मास्तरीणबाईंना सत्तर वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर, पिवळ्या सनमायक्याचं टेबल आणि गोल कोपऱ्यांचा फ्रिज. मार्गिकेच्या अगदी टोकाला राणीसाहेब. त्या कुठल्या राणी नव्हत्या, पण तोरा तसाच. त्यांना व्हिक्टोरियन दिवाणखाना, जड किरमिजी पडदे, फुलाफुलांचा भिंतीचा कागद, आणि चिनी मातीची इतकी कुत्री की झाडणाऱ्या बाईंनी हात जोडावेत.

माणूस बायकोचं नाव विसरला तरी कडी कुठे आहे हे त्याचा हात विसरत नाही, असं पडदेताई सगळ्यांना ठासून सांगायच्या. तीन वर्षं त्या हेच सांगत आल्या होत्या.

आजोबा जहाजावरचे सुतार. उमेदीची पंचवीस वर्षं त्यांनी जपानातल्या एका बंदरात काढली होती, लग्नही तिथेच केलं होतं. त्यांच्या खोलीची जमीन पडदेताईंनी वीतभर उचलून घेतली होती. त्यावर गवती चटया, बुटकं मेज, खिडकीला काचेऐवजी कागद. मासिकांत फोटो छापून आले होते.

आणि जिन्याकडे जाणारं मुख्य दार? तेही त्यांचंच काम. म्हाताऱ्यांना दार दिसलं की घरी जायची ओढ लागते, म्हणून त्यांनी त्यावर पुस्तकांचं कपाट रंगवलं होतं. आकडे दाबल्याशिवाय ते उघडत नसे. तरीही आजोबांच्या सपाता काल सकाळी खाली फाटकाजवळ सापडल्या होत्या आणि सगळं खापर त्या रंगवलेल्या दारावर फुटलं होतं.

"दार लपवलंत तुम्ही," आजोबांची मुलगी काल सगळ्यांसमोर ओरडली होती. "खोटी पुस्तकं, खोटी घरं! माझ्या बाबांचा खेळ मांडलात. आता आणून द्या त्यांना!"

  डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, दोन वेळचं इन्सुलिन चुकलंय, बाहेर कडाक्याची थंडी, वय ब्याऐंशी. संध्याकाळनंतरचं मला विचारू नका.

म्हणून पडदेताई आजोबांच्या रिकाम्या खोलीत येऊन बसल्या होत्या. काही शोधायला नव्हे. दुसरीकडे कुठे तोंड दाखवायची सोय नव्हती म्हणून. आणि बसल्या बसल्या चटईवर गादीच्या जागेचा गडद चौकोन त्यांना दिसला.

दाराशी उभ्या असलेल्या फौजदारबाईंना त्यांनी विचारलं, "यांची गादी कुठेय?"

"गादी?" फौजदारबाई गोंधळल्या. "मला वाटलं, जपानी लोक चटईवरच झोपतात. रजई पांघरून गेले असतील थंडीचे."

"रजई पांघरून जाईल माणूस," पडदेताई उठल्या. "पण गादी घेऊन ओढ्यावर कोण जातं?"

२

सिस्टरचे डोळे रडून सुजले होते. "ताई, मला वाटलं, गादी धुलाईला गेली. काल धुलाईचा वार होता ना."

"आजोबा सकाळी उठल्यावर काय करायचे?"

"काय सांगू, रोजचा वैताग. गादी घडी करायची, छातीशी धरायची आणि निघायचं. या भिंतीला हात लाव, त्या भिंतीला हात लाव. मी काढून घ्यायची आणि परत अंथरून ठेवायची. मग गप्प बसायचे." तिनं नाक पुसलं. "काल मी जरा उशिरा आले. दहाच मिनिटं."

"कानयंत्र होतं का कानात?"

"नाही. ते मेजावरच राहिलंय. त्याच्याशिवाय कानाशी ढोल बडवला तरी ऐकू येत नाही त्यांना."

 दोन वर्षं हा माणूस रोज सकाळी काहीतरी शोधत होता, आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे त्यांनी विचारलंच नव्हतं.

त्या खाली आल्या. फाटकावरचा पहारेकरी खुर्ची सोडून उभाच होता, जणू बसला तर गुन्हा शाबीत होईल.

"ताई, तुम्ही तरी विश्वास ठेवा. या फाटकातून आजोबा गेलेले नाहीत. सात वाजता सामानाची गाडी आली. बावीस खोकी उतरली. व्यवस्थापकसाहेबांनी स्वतः वर नेली. आठला पेपरवाला आला. तोवर इथे सपाता नव्हत्या. साडेआठला मी मागे नळाचं बघायला गेलो, परत येतो तर या इथे सपाता. जोडीनं, रस्त्याकडे तोंड करून."

"हे फौजदारबाईंना सांगितलंत?"

"सांगितलं की! साहेब म्हणाले, हा झोपला असेल. झालं, मी झोपलो."

फुटलेल्या नळानं अंगणात आठवडाभर घोटाभर चिखल केला होता. पडदेताईंनी त्या चिखलाकडे पाहिलं आणि तशाच फौजदारबाईंकडे गेल्या.

"त्या सपाता एकदा दाखवाल?"

पिशवीतून सपाता निघाल्या. मऊ कापडाच्या, घरात वापरायच्या. पडदेताईंनी त्या उलट्या केल्या. तळ कोरडा ठाक होता. चिखलाचा ठिपका नाही. फक्त पिठासारखी बारीक पांढरी पूड.

"आजोबा फाटकापर्यंत चाललेच नाहीत," त्या म्हणाल्या. "सपाता कुणीतरी उचलून आणल्या."

३

फौजदारबाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या, फक्त दमल्या होत्या. त्यांची निम्मी माणसं कंबरभर पाण्यात उतरली होती. "इमारत दोनदा पाहून झालीय," त्या म्हणाल्या. "प्रत्येक खोली, प्रत्येक कपाट, गच्ची, तळघर. कुठे नाहीत. आणि सपाता कोण कशाला नेईल?"

इतक्यात व्यवस्थापक आले. नीटनेटका, मृदू बोलणारा माणूस. म्हाताऱ्यांच्या वाढदिवसाला स्वतः फुगे बांधणारा. काल रात्रभर ते खुर्चीतच बसून होते, असं सगळे हळहळून सांगत होते.

"ताई, तुमची अवस्था मला कळते," ते म्हणाले. "पण आता हे थांबवा. दार तुमचं होतं, चूक कुणाच्याही हातून होते. चार दिवसांनी परवान्याची तपासणी आहे, तरी मी तुम्हाला एका शब्दानं दोष दिला का?"

दिला नव्हता हे खरं. पडदेताईंना क्षणभर वाटलं, सगळं कबूल करावं आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसावं. पण ती पांढरी पूड बोटाला लागली होती आणि ती कुठली, ते त्यांना आठवेना.

त्या वर गेल्या. राणीसाहेबांचा दिवाणखाना रिकामा. राणीसाहेब सापडल्या मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाला, मास्तरीणबाईंच्या पिवळ्या स्वयंपाकघरात, नाक मुरडून बसलेल्या.

"मला नोकरांच्या खोलीत टाकलंय," त्यांनी तक्रार केली. "काल दुपारपासून. माझ्या भिंतीत सुतार बसलाय, असं मी म्हटलं तर इथे आणून टाकलं."

"सुतार?"

"ठक, ठक, ठक. थांबायचा, पुन्हा ठक, ठक. घरात कामं काढावीत, पण मालकिणीला विचारावं की नको?"

सिस्टर पडदेताईंच्या कानाशी लागली. "गोळीमुळे भास होतात, असं साहेब म्हणाले. त्यांनीच हलवायला सांगितलं."

पडदेताई राणीसाहेबांच्या पायाशी बसल्या. "राणीसाहेब, शेजारचे आजोबा काल सकाळी दिसले का हो तुम्हाला?"

"दिसले म्हणजे? बिछाना घेऊन घरी गेले. बाग सरकली आणि आत गेले."

"बाग उघडली?"

"सरकली!" म्हातारी चिडली. "ऐकू येत नाही का तुला? उघडणारी दारं मला कळतात. ती सरकली."

या मजल्यावरचं एकूण एक दार पडदेताईंनी आपल्या हातानं बसवून घेतलं होतं. त्यातलं एकही सरकणारं नव्हतं.

४

मुलगी खालच्या बाकावर बसली होती. दोन दिवसांत तिचा चेहरा उतरून दहा वर्षांनी मोठा झाला होता. पडदेताईंना पाहताच तिनं मान फिरवली.

"शिव्या द्या, पण आधी एक सांगा," पडदेताई म्हणाल्या. "तुम्ही जपानात किती वर्षांच्या होईपर्यंत राहिलात?"

"सहा."

"सकाळी उठल्यावर गाद्यांचं काय करायचे?"

"हे आत्ता विचारताय?"

"दोन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. मी फोटो मागितले, चटयांची मापं मागितली, मेज किती बुटकं ते विचारलं. हे विचारलं नाही."

मुलीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "भिंतीत कपाट होतं. मोठं, माणूस मावेल एवढं. आई सकाळी सगळ्यांच्या गाद्या त्यात ठेवायची. दिवसा तीच खोली बैठकीची. आई गेल्यावर बाबाच ठेवायचे. गादी उचलल्याशिवाय चहा नाही, असा नियम होता त्यांचा."

"दार कसं होतं कपाटाचं?"

"सरकतं. कागदाचं, त्यावर झाडं रंगवलेली." ती उठून उभी राहिली. "का? काय झालं?"

पडदेताईंनी डोळे मिटून घेतले. खोलीचं चित्र त्यांनी हुबेहूब उतरवलं होतं आणि ज्याच्याभोवती त्या घराचा दिवस फिरायचा ते कपाटच गाळलं होतं. जागा कमी होती. फोटोत छान दिसलं नसतं. आजोबा दोन वर्षं तेच शोधत होते.

आणि रंगवलेली झाडं असलेलं एक फळकूट मार्गिकेच्या टोकाला होतं. ते त्यांनी स्वतःच रंगवलं होतं.

"मीटरचं कपाट आहे, फूटभर खोल, विजेचं काम आहे, हात लावू नका," असं व्यवस्थापकांनी तेव्हा बजावलं होतं. त्यांनी त्यावर हिरवीगार बाग काढली होती, आणि खालच्या कडेची कडी कुंपणाच्या झुडपात मिसळून टाकली होती. फौजदारबाईंच्या माणसांना ती दिसलीच नसणार. ते काम त्यांनी फारच चांगलं केलं होतं.

पण फूटभर खोल कपाटात माणूस मावत नाही.

त्यांनी पिशवीतून मोजपट्टी काढली. "दादा," त्यांनी पहारेकऱ्याला हाक मारली, "हे टोक धरा आणि भिंतीच्या कडेनं चिखलातून चला."

बाहेरून इमारतीची लांबी भरली चौतीस मीटर आणि वर थोडी. पडदेताईंच्या वहीत आतल्या मार्गिकेचं माप होतं, त्यांनी स्वतः घेतलेलं, तीनदा तपासलेलं. एकतीस. दोन्हीकडच्या भिंतींची जाडी धरली तरी हिशेब जुळेना.

जवळजवळ तीन मीटर इमारत गायब होती.

"या टोकाला काय आहे, दादा?"

"काही नाही. खाली हे जुनं लोखंडी दार. बाहेरून पट्टी ठोकलीय, गंजलंय. कुणी बाहेर पडूच शकत नाही, म्हणून फौजदारबाईंनी सोडून दिलं."

"पूर्वी काय होतं इथे?"

पहारेकरी डोकं खाजवू लागला. "मी यायच्या आधीचं आहे. आग लागली तर उतरायचा जिना होता म्हणतात."

पडदेताई धावत सुटल्या. मोजपट्टी चिखलात तशीच पडली.

५

वर व्यवस्थापक बागेसमोर उभे होते. नुसते उभे, हात मागे बांधून.

"बाजूला व्हा," पडदेताई धापा टाकत म्हणाल्या.

"ताई, आत उघड्या तारा आहेत. मी जबाबदारी घेऊ शकत नाही."

"काल बावीस खोकी वर आली. सिस्टरच्या कोठीत तर एकही दिसलं नाही. कुठे ठेवलीत? मीटरवर?"

मागून फौजदारबाई आल्या, मुलगी आली. त्यांना पाहून व्यवस्थापकांच्या तोंडचं पाणी पळालं. पडदेताई गुडघ्यांवर बसल्या. फळकुटाखाली जमिनीवर पांढरी पूड सांडली होती. फळकूट सरकताना कडेचा गिलावा घासून रोज सांडायची, आणि झाडणाऱ्या बाई रोज कुरकुरायच्या. उंबरा वीतभर उंच. अशा उंबऱ्याशी आजोबा सपाता काढणार नाहीत तर काय करतील? घरात शिरताना माणूस पायातलं काढतो. घरातून निघताना नाही.

त्यांची बोटं रंगवलेल्या झुडपात चाचपडली. कडी सापडली. ती बाहेरून घातलेली होती.

बाग सरकली.

आत थंडगार अंधार आणि कुबट वास. जिन्याच्या तोंडाशी खोक्यांची उतरंड, मधून जेमतेम एका माणसाची वाट. फौजदारबाईंनी विजेरी पेटवली. वरच्या पायरीवर गादी होती, चौकोनी घडी घातलेली, कडा कडेला जुळवून. तिच्यापलीकडे अंधारात तोल गेला असावा. सात पायऱ्या खाली, वळणावर, आजोबा रजईत पाय गोळा करून पडले होते. उजव्या हातात एका खोक्याची लाकडी पट्टी होती. भिंतीच्या गिलाव्यावर तिचे ओरखडे होते, हात पोचेल त्या उंचीवर, कितीतरी.

"बाबा!" मुलीनं फोडलेली किंकाळी ऐकून पाठीमागे खोल्याखोल्यांतून म्हातारी माणसं रडू लागली.

पडदेताई सर्वांत आधी खाली पोचल्या. गाल बर्फासारखा. त्यांनी ओठांजवळ हात धरला. काहीच लागेना. त्यांनी आपला हात थुंकीनं ओला केला आणि पुन्हा धरला.

"श्वास आहे," त्या म्हणाल्या. मग कुणाला ऐकू गेलं नसेल म्हणून ओरडल्या, "श्वास आहे! डॉक्टरांना बोलवा!"

६

आजोबांना खाटेवर घालून खाली नेलं तेव्हा व्यवस्थापक मार्गिकेतल्या खुर्चीत बसून होते.

"तपासणीआधी जिना मोकळा करणारच होतो," ते म्हणत होते. "सामानाला जागा नव्हती हो. काल खोकी ठेवताना कागदावर सही करायला खाली गेलो, पाच मिनिटं उघडं राहिलं. परत आलो तर सपाता. मी हाक मारली होती. दोनदा. उत्तर आलं नाही."

"कानयंत्र मेजावर होतं," सिस्टर म्हणाली.

"ते मला कसं ठाऊक असणार? मला वाटलं, आत नाहीत, बाहेर गेले असतील. खरंच वाटलं."

"मग सपाता फाटकाशी का नेल्यात?" फौजदारबाईंनी विचारलं.

"इथे सपाता दिसल्या असत्या तर तुम्ही हे उघडलं असतं. बंद केलेला जिना पाहिला असता. निवासाला टाळं लागलं असतं. एकोणीस म्हातारी माणसं कुठे जातील? मी त्यांचाच विचार केला. कुणी आत आहे असं मला माहीतच नव्हतं."

त्यांच्या डोळ्यांत खरोखरीचं पाणी होतं. फौजदारबाईंनी वही मिटली. भ्याडपणा होता, हलगर्जीपणा होता, पण माणूस खोटं बोलत नसावा असं त्यांनाही वाटलं असेल.

"एक विचारू?" पडदेताई म्हणाल्या. त्यांच्या अंगावर अजून जिन्यातली धूळ होती. "राणीसाहेबांना का हलवलंत?"

"भास होत होते त्यांना."

"त्यांना रोज भास होतात. कधी खिडकीत घोडे दिसतात, कधी वडील दिसतात. तीन वर्षांत तुम्ही त्यांना खोलीतून हलवलं नाहीत. काल दुपारी त्या म्हणाल्या, माझ्या भिंतीत सुतार ठोकतोय, आणि तासाभरात तुम्ही त्यांना दुसऱ्या टोकाला नेलंत. जिन्याला लागून त्यांचीच एक भिंत आहे. ती ठकठक ऐकायला तिथे कुणी उरू नये, म्हणूनच ना?"

व्यवस्थापकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"रात्रभर तुम्ही खुर्चीत बसून होता, असं सगळे सांगतात. कुठली खुर्ची, सिस्टर?"

सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. तिनं ते बसले होते त्याच खुर्चीकडे बोट दाखवलं. बागेपासून चार पावलांवर.

"पहाटे थांबला आवाज," व्यवस्थापक अगदी हळू म्हणाले. "मला वाटलं, आता उघडून काय उपयोग."

फौजदारबाईंनी त्यांच्या दंडाला धरून उठवलं.  पडदेताई मात्र त्यांच्यामागून जिन्यापर्यंत गेल्या. "कागदावर माझंही लिहा," त्या म्हणाल्या. "कडी मी लपवली. आत काय आहे ते न बघता रंगवली. आणि कपाट मी गाळलं."

"ते कुठल्या कलमात बसत नाही, ताई."

"तरी लिहा."

७

निवासाला आठवड्याच्या आत टाळं लागलं. राणीसाहेबांना भाची घेऊन गेली, गालिचेवाल्यांना मुलगा, मास्तरीणबाईंना कुणीच नाही म्हणून दूरच्या एका संस्थेत. तिथे सगळ्यांना सारख्याच पांढऱ्या भिंती होत्या. पिवळं टेबल न्यायला परवानगी मिळाली नाही. पडदेताईंनी प्रत्येकाचं सामान स्वतः बांधलं, आणि प्रत्येक वेळी "आपण कुठे चाललोय?" असं कुणी विचारलं की त्या दोरीची गाठ आवळत बसायच्या.

आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आठ दिवस ते शुद्धीवर नव्हते. पडदेताई रोज दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसायच्या. आत जायचा धीर होत नसे. नवव्या दिवशी मुलगी बाहेर आली.

"तुम्हाला किती बोलले मी," ती म्हणाली.

"त्यातलं अर्धं खरं होतं."

"हो," मुलगी म्हणाली. "आत या."

आजोबांचे डोळे उघडे होते. ते छताकडे बघत काहीतरी पुटपुटत होते, एकच शब्द, परत परत. परिचारिकेनं मान हलवली. सकाळपासून हेच चाललंय, काय म्हणतायत कुणालाच कळत नाही. पडदेताई वाकल्या, कान नेला. त्यांनी जपानवरची बारा जाडजूड पुस्तकं वाचली होती. चटईच्या काठाच्या नक्षीलाही तिथे नाव आहे, ते त्यांना पाठ होतं. हा शब्द त्यांना येत नव्हता.

"मला नाही कळत," त्या म्हणाल्या.

मुलगी पुढे झाली. तिनं वडिलांच्या ओठांकडे पाहिलं आणि सहा वर्षांच्या मुलीसारखी पटकन म्हणाली, "पाणी. पाणी मागतायत."

तिनं चमचा घेतला. पडदेताईंनी आजोबांच्या मानेखाली हात घातला आणि डोकं जरासं उचलून धरलं.